तीन बोटांचा खंड्या

माझ्या पत्त्यात 'केबिन' हा शब्द आहे. चौतीस वर्षे एका कचेरीत इमानेइतबारे नोकरी केली, पण स्वतःची केबिन काही मिळाली नाही. सगळी हयात मोठ्या हॉलमध्ये, पंख्यापासून तिसऱ्या टेबलाशी गेली. त्यामुळे भाईंदर पूर्वेला जागा बघायला आलो आणि दलालाच्या तोंडून 'केबिन रोड' हे नाव ऐकले, तेव्हा मनातल्या मनात मी सौदा पक्का करून टाकला. आमच्या सौभाग्यवतीने पाण्याची चौकशी केली, शाळेची केली, भाजीबाजाराची केली. मी कशाचीच केली नाही. साहेबांनी जे दिले नाही ते रस्त्याच्या पाटीने दिले, एवढ्यावरच मी खूश होतो.

पुढे वीस-बावीस वर्षे मी या रस्त्यावर राहिलो असे म्हणायचे. खरे म्हणजे झोपायला येत होतो. पहाटे लोकल गाठायची आणि दिवेलागणीनंतर परतायचे. शेजाऱ्यांची मला ओळख होती, पण ती त्यांच्या पाठींची. प्लॅटफॉर्मवर रोज त्याच ठिकाणी उभी राहणारी चौकड्यांच्या शर्टाची पाठ, काळ्या पिशवीची पाठ, किंचित वाकलेली पाठ. चेहऱ्यांची ओळख झाली ती सेवानिवृत्तीनंतर, आणि ती करून दिली पक्ष्यांनी.

त्याचे असे झाले. निवृत्त झाल्यावर पहिले पंधरा दिवस मी घरात होतो. त्या पंधरा दिवसांत मी डाळीच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, दुधाचा हिशेब नव्याने मांडला आणि फोडणीत मोहरी आधी की जिरे, यावर माझे मत दिले. सोळाव्या दिवशी सौ. म्हणाली, "अहो, खाडीवर म्हणे फार छान वारा असतो. रोज जात जा."

मी निघालो. केबिन रोडवरून वीसेक मिनिटे चालले, की जेसल पार्कची चौपाटी लागते. चौपाटी म्हणजे वसईच्या खाडीचा काठ. समोर रेल्वेचा पूल, पलीकडे पाणजू बेट, अलीकडे तिवरांची दाटी. तिथे एक पांढऱ्या केसांच्या बाई दुर्बीण डोळ्यांना लावून पुलाच्या दिशेने बघत होत्या. मला वाटले, कुणाची तरी गाडी यायची आहे. मी सौजन्याने म्हणालो, "आज गाड्या वेळेवर आहेत हो!" त्यांनी दुर्बीण न काढता उत्तर दिले, "तेही वेळेवर आलेत. कुरव. दर हिवाळ्याला येतात." आणि दुर्बीण माझ्या हातात ठेवली.

पाण्यावर पांढऱ्या पक्ष्यांचा थवा तरंगत होता. बाईंनी सांगितले, हे काळ्या डोक्याचे कुरव. मी पुष्कळ निरखून पाहिले. एकाचेही डोके काळे दिसेना. बाई हसल्या. म्हणाल्या, "ते उन्हाळ्यात, पिलं काढायला उत्तरेकडे जातात तेव्हा काळं होतं. इथे येतात तेव्हा नुसता कानामागे ठिपका. आपल्याकडे ते साध्या वेषात असतात." जन्मभर लोकलच्या दारातून मी हा थवा पाहिला असेन, पण त्याला नाव असते, वेळापत्रक असते आणि बाहेरगावचे कपडे वेगळे असतात, हे मला साठाव्या वर्षी कळले.

अशा रीतीने मी आमच्या मंडळींत सामील झालो. 'मंडळात' असे मी मुद्दाम म्हणत नाही. मराठी माणसे दोन जमली की तीन मंडळे निघतात म्हणतात; आमच्याकडे आठ-दहा माणसे जमूनही एकसुद्धा निघालेले नाही. नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. रविवारी सकाळी साडेसहाला खाडीवर यायचे आणि साडेआठला टपरीवर चहा घ्यायचा, एवढीच घटना. बाई नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. एक परिचारिका आहेत. त्या रात्रपाळी संपवून थेट येतात आणि कधी उभ्याउभ्या डुलक्या घेतात. एक गुजराती शेठ आहेत. आमच्यात सर्वांत वयस्क आहेत एक आगरी गृहस्थ. त्यांचे बापजादे इथल्या मिठागरांत राबले. ते पुस्तकाला हात लावत नाहीत. टिटवी ओरडली की मान न वळवता सांगतात, "बांधावर कोनी तरी चाललाय." आणि बांधावर खरोखरच कोणी तरी चाललेले असते. आणि आमच्या खालच्या मजल्यावरचा, चौथीत शिकणारा एक मुलगा. त्याला सगळे बारक्या म्हणतात. तो बापाला अंथरुणातून ओढून आणतो आणि बाप बाकावर पुन्हा झोपतो.

अशा बैठकींची परंपरा आपल्याकडे थोडीथोडकी नाही, हे बाईंनीच एकदा चहावर सांगितले. १८८३ साली मुंबईत आठ माणसे एकत्र आली. सहा युरोपियन आणि दोन आपली. त्या दोघांत एक प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. त्यांचा बेत साधा होता. महिन्यातून एकदा जमायचे, कोणी काय पाहिले ते एकमेकांना सांगायचे, काही नमुना मिळाला असेल तर दाखवायचा. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयाला आज डॉ. भाऊ दाजी लाडांचे नाव आहे, तिथे ते जमत. त्या आठ जणांच्या गप्पांतून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी उभी राहिली. आमचे आठ जण टपरीवर जमतात, एवढाच काय तो फरक, असे मी म्हणालो. बाई म्हणाल्या, "दुसराही फरक आहे. ते लिहून ठेवत."

लिहून ठेवण्याच्या बाबतीत बाई कडक. त्यांच्याजवळ एक लांबट वही असते. तिच्यात तारीख, वेळ, भरती की ओहोटी, पक्षी, संख्या आणि शेवटचा रकाना: 'कोणी पाहिला'. माझा सगळा घात या शेवटच्या रकान्याने केला.

दर रविवारी वही वाचली जाई. शेकाट्या, बारा, शेठ. धोबी, दोन, बारक्या. तुतवार, एक, सिस्टरबाई. त्या बाई झोपेत असून त्यांना तुतवार दिसे! माझे नाव तीन महिन्यांत दोनदाच आले होते. एकदा कावळ्यापुढे आणि एकदा कबुतरांपुढे. कचेरीत बढतीची यादी लागे तेव्हा वरून खाली नजर फिरवण्याची मला सवय होती. ती सवय इथेही सुटली नव्हती. मी गुपचूप पक्ष्यांचे एक सचित्र पुस्तक विकत आणले आणि रात्री पांघरुणात वाचू लागलो. त्यात मला तिबोटी खंड्या भेटला. काय त्याचा थाट! चिमणीपेक्षाही लहान जीव. लालकेशरी चोच, पिवळे पोट, जांभळट झाक मारणारा माथा, गडद निळी पाठ. आणि नावाप्रमाणे पायाला तीनच बोटे. त्या चित्रावर माझा जीव जडला.

फेब्रुवारी आला. दर फेब्रुवारीत चार दिवस सगळ्या जगातले लोक आपापल्या अंगणातले पक्षी मोजतात. १९९८ साली अमेरिका-कॅनडात सुरू झालेली ही मोजणी २०१३ पासून जगभर चालते. निदान पंधरा मिनिटे एके ठिकाणी थांबायचे, दिसेल ते मोजायचे आणि यादी पाठवायची. तज्ज्ञ असण्याची अट नाही. आमची यादी बाई आपल्या नावाने पाठवतात. त्या रविवारी सगळ्यांच्या अंगात वारे संचारले होते. शेठनी भारद्वाज पाहिला. बारक्याने वेडे राघू मोजले. वहीचे पान भरत चालले होते आणि त्यावर मी कुठेही नव्हतो.

इतक्यात तिवरांतून काही तरी निळे झपकन गेले. निळे आणि खाली तांबूस. डोळ्याचे पाते लवेपर्यंत दिसेनासे झाले. आणि माझ्या तोंडून शब्द निघून गेले, "तिबोटी खंड्या!"

सगळे वळले. बाईंनी हळूच विचारले, "तिबोटी? आत्ता? नाना, तो आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येतो हो. छोटा खंड्या नसेल ना?"

इथे मी 'असेल' म्हणालो असतो तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. पण त्याच वेळी शेठ मागून म्हणाले, "नानासाहेब, बोटे मोजली का?" आणि सगळे हसले. त्या हसण्याने माझ्या डोक्यात चौतीस वर्षांचे तिसरे टेबल उभे राहिले. मी ताठ मानेने म्हणालो, "मोजली. तीन."

वाचकहो, एक गोष्ट मी तेव्हा शिकलो. साधे खोटे माणसाला पेलवते. तपशिलासकटचे खोटे माणसावर स्वार होते. बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग चष्मा सावरला आणि लिहिले: तिबोटी खंड्या, एक, नाना.

पुढच्या रविवारी चहा घेताना बाई म्हणाल्या, "नाना, तुमच्या खंड्याबद्दल विचारणा आलीय." या याद्यांत काही नवलाचे आढळले, की त्या भागातले जाणकार ते तपासतात. पत्र अतिशय सभ्य होते. किती अंतरावरून पाहिला, उजेड कसा होता, किती वेळ दिसला, छायाचित्र आहे काय. मी कपात बघत राहिलो. बाई पुढे म्हणाल्या, "मी कळवून टाकलं, छायाचित्र नाही, पण आमचे नाना उगाच बोलणाऱ्यांपैकी नाहीत."

तो चहा माझ्या घशाखाली उतरला नाही.

तरीही मी गप्प राहिलो असतो. चौतीस वर्षे फायलींत काढलेल्या माणसाला गप्प राहण्याचे शिक्षण चांगले मिळालेले असते. परंतु त्या बुधवारी जिन्यात बारक्या भेटला. बुटांना चिखल, पाठीला दप्तर. मी विचारले, "काय रे, शाळेआधी कुठे जाऊन आलास?"

"खाडीवर. रोज जातो बाबांबरोबर. तुमचा तिबोटी बघायला."

"मग?"

"छोटा खंड्याच दिसतो, आजोबा. तुम्ही दाखवलं त्याच जागी बसतो." तो थोडा थांबला, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आजोबा, माझे डोळे चांगले नाहीत का हो? तुम्हाला तीन बोटं मोजता आली, आणि मला तर पक्षीच दिसत नाही."

मला त्या जिन्यात उभे राहवेना. मी एक पक्षी खोटा सांगितला, एवढेच मी धरून चाललो होतो. त्या पक्ष्याने एका नऊ वर्षांच्या मुलाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास खाल्ला, हे माझ्या हिशेबातच नव्हते. आणि ते डोळे खरे होते! आठ दिवस पहाटे उठून त्याने जे पाहिले होते तेच बरोबर होते.

त्या रात्री मी कूस बदलत राहिलो. सौ. म्हणाली, "पोट दुखतंय का? ओवा देऊ?" शेवटी मी तिला सगळे सांगितले. ती अंधारात बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लग्नाआधी आमच्याकडे सांगितलं होतं, मुलगा लौकरच हेडक्लार्क होणार. तेही मी चालवून घेतलंच की! पण ते पोर तुमच्यावर विसंबलंय. त्याला सांगा. कबूल करायला काही पैसे पडत नाहीत." आणि कुशीवर वळून झोपली. आपल्या घरात न्यायाधीश राहतो, हे माणसाला फार उशिरा कळते.

रविवारी सगळे जमल्यावर मी टोपी काढली आणि बोललो. म्हणालो, त्या दिवशी मला काही तरी निळे दिसले, इतकेच खरे. तिबोटी मी चित्रातच पाहिला आहे. बोटे मोजली नाहीत. मोजण्याइतका वेळच तो थांबला नाही.

मला वाटले होते, सन्नाटा पसरेल. शेठ म्हणाले, "आमाला ठाऊक होता, नानासाहेब. एवढा वेगात जाणाऱ्याची बोटे कोण मोजते?" आगरी काका गालातल्या गालात हसले. सिस्टरबाई डुलकीतून जाग्या होऊन "काय दिसलं, काय दिसलं?" असे विचारू लागल्या. आणि बारक्या? त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिरस्कार नव्हता. तो टुणकन उडी मारून ओरडला, "म्हणजे माझे डोळे चांगले आहेत!" आणि ही बातमी सांगायला बाकावर झोपलेल्या बापाकडे धावत सुटला.

मी बाईंना म्हणालो, "ती ओळ खोडून टाका." त्यांनी वही उघडली, पण खोडली नाही. पट्टी ठेवून ओळीवर एकच बारीक रेघ ओढली. खालची अक्षरे स्पष्ट वाचता येत होती. समासात लिहिले: 'नानांनी स्वतः सांगून रद्द. छोटा खंड्या असावा.' मग म्हणाल्या, "खोडलं की चूक कुठे झाली तेही जातं. रेघेखालून ते दिसत राहतं." त्याच संध्याकाळी त्यांनी त्या जाणकारांनाही तसे कळवले. स्वतःचा शब्द मागे घेताना त्यांना काय वाटले असेल, ते त्यांनी मला कधी बोलून दाखवले नाही.

चहावर त्यांनी एक हकीकत सांगितली. मला उद्देशून नव्हे. त्या नेहमीच काही ना काही सांगतात. आपल्या रानात एक घुबड आहे, रानपिंगळा. १८७२ साली तो प्रथम मिळाला. १८८४ नंतर मात्र त्याचा खात्रीचा नमुना कोणाला मिळेना. एकच अपवाद होता. रिचर्ड मायनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज कर्नलाच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. त्यावर चिठ्ठी होती, की तो १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळाला. एवढा नावाजलेला माणूस. त्याच्या चिठ्ठीवर कोण शंका घेणार? त्या चिठ्ठीच्या भरवशावर लोकांनी नको तिथे शोध घेतला आणि हात हलवत परतले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले. तेव्हा कळले, की कर्नलसाहेबांचा पक्षी मुळात त्यांचा नव्हताच. खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या सुमारास गोळा केलेला नमुना त्यांनी लांबवला, पुन्हा भरून घेतला आणि त्यावर आपली चिठ्ठी बांधली. मग ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून, खऱ्या जुन्या नोंदींच्या वाटेने रासमुसेन आणि त्यांचे दोन सोबती निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा त्यांच्यापुढे दिवसाढवळ्या बसलेला होता. एकशे तेरा वर्षांनी! पुढे २०१४ मध्ये तर तो आपल्या शेजारीच, मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाच्या जंगलात आढळला.

"म्हणजे तो तिथेच होता?" बारक्याने विचारले.

"तिथेच," बाई म्हणाल्या. "पक्षी कुठे गेला नव्हता. आपण चुकीच्या चिठ्ठीमागे गेलो होतो."

मला त्या दिवशी एक गोष्ट उमगली. सराफाकडे कसोटीचा दगड असतो, वाण्याकडे तराजू असतो. पक्षी पाहणाऱ्यांकडे यातले काही नसते. पक्षी दिसतो आणि उडून जातो. मागे उरतो तो फक्त पाहणाऱ्याचा शब्द. त्या शब्दावर दुसरा माणूस पहाटे उठतो, चिखल तुडवतो, आपल्या डोळ्यांवर शंका घेतो. रविवारी टपरीवर आम्ही जमतो तेव्हा वरवर बघणाऱ्याला वाटेल, की ही रिकामटेकडी माणसे चहा पीत आहेत. प्रत्यक्षात तिथे एकमेकांच्या शब्दाची किंमत ठरत असते. मोठ्या शहराच्या टोकाला राहणाऱ्या आम्हां पाठीला पाठ लावून जगणाऱ्या माणसांना असे ठिकाण दुसरे कुठे होते?

आता शेवटचे सांगतो. पावसाळ्यात आम्ही एक गाडी ठरवून कर्नाळ्याच्या अभयारण्यात गेलो. रिमझिम पाऊस, ओली झाडे, ओढ्याकाठची लाल माती. एकाएकी बारक्याने माझा हात घट्ट धरला आणि कुजबुजला, "आजोबा, तिबोटी! त्या वाकड्या फांदीवर! खरा!" सगळ्यांच्या दुर्बिणी वर गेल्या. शेठना दिसला, सिस्टरबाईंना दिसला, आगरी काकांनी नुसती मान डोलावली. माझ्या चष्म्यावर पाणी, दुर्बिणीवर धुके. मला फांद्याच फांद्या दिसत होत्या. आणि पक्षी उडाला.

बाईंनी वही उघडली. "बारक्या, शेठ, सिस्टर, काका..." त्यांनी माझ्याकडे पाहिले. सगळ्यांनी पाहिले. ज्या पक्ष्यासाठी एवढे रामायण घडले तो माझ्यापासून वीस पावलांवर बसून गेला होता. नुसती मान हलवली असती तरी कोणाला शंका आली नसती.

"नाही," मी म्हणालो. "मला दिसला नाही."

बाईंनी काही न बोलता वही मिटली. बारक्या मात्र माझा हात सोडीना. म्हणाला, "आजोबा, चष्मा पुसा. तो परत येईल. आला की मी दाखवतो."

आम्ही तासभर त्या पावसात उभे होतो. घरी परतल्यावर सौ.ने टॉवेल पुढे करीत विचारले, "मग? दिसला का एकदाचा?"

ते मात्र मी तुम्हाला सांगत नाही. आमच्या बाईंच्या वहीत लिहिलेले आहे. दिवाळीनंतरच्या कोणत्याही रविवारी सकाळी साडेसहाला खाडीवर या. धोबी आलेले असतील, कुरवही आले असतील. वही वाचायला मिळेल. चहाचे पैसे मात्र ज्याचे त्याने द्यायचे.